ओला टॉवेल

मल्लिनाथ हत्तुरेनं काँटेसा आणली तेव्हा
बाटली आधीच डिकीत होती,
निळी, पुण्याहून, चादरीत गुंडाळून.
म्हणाला, यादगिरीमामा, आज लावून टाका की,
रविवारी स्पर्धा आहे.

एप्रिल. अक्कलकोट रोड एमआयडीसी.
पत्र्याखाली त्रेचाळीस.
बाटलीवर हात ठेवला आणि काढला.
म्हणालो, थंडीच्या देशात हिला हीटर लावतात,
आपल्याकडं हिलाच ताप येतो.
छत्तिसाच्या पुढं हा द्रव द्रव राहत नाही,
काटा अकराशेच्या वर जातो
आणि जेटमधून किती गेलं
याचा हिशेब कुणालाच लागत नाही.

शेजारच्या कारखान्यातून टेरी टॉवेल मागून आणला,
सेकंडचा, काठाला धागा सुटलेला,
हौदात बुडवला, पिळला,
बाटलीभोवती दोन वेढे दिले.
पोरगा हसला.
हसू दे. या वायूचं नावच तसं आहे.
सात रस्त्याला माझी दाढ याच्याच गुंगीत निघाली,
पण या बाटलीत गंधकाचा अंश असतो,
हुंगायला येणाऱ्यांसाठी.

चार दिवस गेले.
मूळचा पंप काढून विजेचा बसवला.
कार्बोरेटरखाली पट्टी, पट्टीत दोन नळ्या:
एकीतून वायू, दुसरीतून जादाचं पेट्रोल.
हा वायू स्वतः जळत नाही बे, दुसऱ्याला जाळतो.
पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर, चौकात लाज.
लाज परवडते.
कमी पडलं तर पिस्टनला भोक.

त्याला मोठा जेट हवा होता. खिशात घेऊनच फिरत होता.
मी सगळ्यात बारका लावला.

नायना साखरपेठेत जॉबर होते.
ताण्याचा एकेक धागा एकेका पातळ पत्रीतून ओवलेला,
धागा तुटला की पत्री पडते,
पत्री पडली की माग थांबतो.
नाही थांबला, तर नायना तेलुगूत एक शिवी देत
आणि म्हणत, आता हा चूक विणणार, वारावर.
पेट्रोलच्या नळीवर मी तसलीच पत्री बसवली:
दाब चार पौंडांखाली आला की वायू बंद.
दुसरा स्विच कार्बोरेटरच्या दांडीपाशी,
पाय पूर्ण दाबल्याशिवाय काही सुटणार नाही.
आणि इंजिन तीन हजारांच्या वर गेल्याशिवाय
बटणाला हात लावायचा नाही,
हे मात्र स्विचला सांगता येत नाही,
म्हणून पोराला तीनदा सांगितलं.

प्लग एक नंबर थंड.
टायमिंग दोन अंश मागं.

शनिवारी पहाटे, साखर कारखान्याचं बंद आवार,
वॉचमन नबीलाल कानात बोटं घालून उभा.
टॉवेल अजून ओला. काटा साडेनऊशेवर.
तिसऱ्या गिअरात चार सेकंद,
मी मोजत होतो, तो ओरडत होता.
मग लगेच क्लच, चावी बंद.
रेंगाळू द्यायची नाही गाडी,
रेंगाळली की प्लग खोटं बोलायला शिकतो.

बायको टॉवेल तपासायच्या कामावर आहे,
इंचात धागे किती ते मोजायची
तिची पितळी घडीची भिंग मी मागून आणली होती.
पहिला प्लग तांबूस. दुसरा तांबूस. चौथा ठीक.
तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर
मिऱ्याच्या पुडीएवढा एक ठिपका, चमकणारा.

चांदी? मल्लिनाथनं विचारलं.
चांदी नाही बे. पिस्टन आहे तुझा.

भिंग त्यानं बराच वेळ सोडली नाही.
मग खिशातला जेट काढला,
माझ्या हातावर ठेवला, काही बोलला नाही.
मी कॉक बंद केला,
टायमिंगचा अजून एक अंश डोक्यात लिहून घेतला,
टॉवेल काढून बॉनेटवर टाकला.
ऊन वर आलं होतं.
दहा मिनिटांत टॉवेल भाकरीगत कडक.