पत

सोहारच्या बँकेत एसी इतका
की अर्ज भरताना बोटं पांढरी पडतात,
मिठात हात घातल्यासारखी.

समोर शमसा नावाची मुलगी. अबायाच्या बाहीवर
बारीक निळी वेल. तिचं सगळं हिंदी सिनेमातलं,
त्यामुळे पगार किती, हेसुद्धा
ती जरा जीव लावून विचारते.

चारशे वीस रियाल. एक्स-रे विभाग.
येऊन किती झाले?
सात महिने.
आणि त्याआधी?
उरण.
ती स्क्रीनवर शोधते. उरण त्यात नाही.

उरणच्या पतसंस्थेत मोकल मॅनेजरांनी
चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारलं होतं,
"घरतांची सून ना? करा सही."
शिलाई मशीन, मग स्कूटर, मग नवऱ्याच्या टेम्पोचं इंजिन,
सगळं त्या सून या एका शब्दावर मिळालं.
टेम्पोचे हप्ते मी फेडले.
टेम्पो त्याच्याकडे आहे.

इथे माझी पत शून्य का, असं विचारलं
तर शमसा मान हलवते.
शून्यही नाही. शून्य दिसायला
आधी काहीतरी घेऊन फेडलेलं असावं लागतं.

मधलं नाव?
पेन तिथे अडतं.
पासपोर्टवर आहे तेच लिही, ती म्हणते.
पासपोर्टवर जितेश आहे.
नवरा?
होता. म्हणजे आहे, उलव्याला, दुसरीकडे.
शमसा की-बोर्डवरचे हात मांडीवर घेते.
"आमच्यात बाई मरेपर्यंत बापाचीच मुलगी.
लग्नं कितीही होवोत."
मला उगाच हसू येतं.
माझा बाप हिराजी. चाळीस वर्षं मीठ ओढलं त्याने,
टाचांच्या भेगा कधी भरल्या नाहीत,
आणि सरकारी एकाही कागदावर
मी त्याची उरले नाही.

पत आणि पती. एका वेलांटीचा फरक.
हे तिला हिंदीत सांगायला गेले, जमलं नाही.

कर्ज कशासाठी?
गाडी.
लग्न नाही? आजारपण? घर?
गाडी. यारिस, पांढरी, एक लाख किलोमीटर पळालेली,
डाव्या दाराला पोचा.
रात्री अकराला पाळी सुटते
आणि टॅक्सीवाला आरशातून विचारतो, रूमवर एकटीच का.
लायसन्सला दोनदा नापास झाले,
पिंपांच्या मधून गाडी उलटी घालताना.
तिसऱ्यांदा पिंपांकडे बघितलंच नाही.

भावाला कळवलेलं नाही.
तो म्हणेल, तेवढ्यात वरचा स्लॅब पडला असता.
पडला असता, खरंय.

शेवटचा कागद तारणाचा.
सोनं मोडून तर तिकीट काढलेलं. जमीन कधी नव्हती.
शमसाचं बोट चौथ्या ओळीवर थांबतं:
नोकरी सोडून जाताना हॉस्पिटल जे देईल
त्यावर आधी हक्क बँकेचा.

दोनदा वाचलं.
अजून नीट आलेसुद्धा नाही
आणि माझं जाणं गहाण.
सात महिने रोज रात्री उशाशी घेऊन झोपत होते ते,
त्याची किंमत होते म्हणे,
रियालमध्ये, तीन दशांशांपर्यंत.

सही पासपोर्टसारखीच हवी, ती बजावते.
केली. मधला जे इतका बारीक काढला
की कागदावर धूळ बसलीय वाटावं.
शमसाने पाहिलं. काही बोलली नाही.
शिक्का मात्र जोरात मारला.

पंचवीसला पगार जमा होतो,
सव्वीसला छप्पन्न रियाल जातात, न विचारता.
पहिल्या हप्त्याच्या रात्री घरी जाताना
गोल चौकात एक वळण चुकले,
मग मुद्दाम आणखी एकदा फिरले.
मागे कोणी नव्हतं. एसी बंद केला, काच खाली घेतली.
समुद्राकडून सुकत घातलेल्या मासळीचा वास,
थेट करंजाच्या बंदरासारखा.
नाकाला पासपोर्ट लागत नाही.

अजून पस्तीस.