चिखलाची वही

कुठल्याशा राणीला मुकुट चढला, त्या साली
पहिल्या गाड्या आमच्या टेकडीखालून गेल्या.
बाप तेव्हा नऊ वर्षांचा. तो सांगतो :
आधी धूळ आली, मग आवाज,
मग एक टोपीवाला उतरला
आणि नकाशा उलटा धरून
नैरोबी कुठे म्हणून विचारू लागला.
आजोबांनी बोट दाखवलं,
तो आला होता तिकडेच.

पुढे शर्यत ईस्टरला येऊ लागली, ऐन मोठ्या पावसात.
तैताच्या लाल मातीत चाक बसलं
की म्वाकिओचा, म्हणजे बापाचा, दोर निघायचा.
ढकलायला एक शिलिंग, दोराला दोन.
ज्याला फार घाई, त्याची उधारी वहीत :
पांढरी पजो, दारावर चौदा,
मिशीवाला, तीन शिलिंग,
येताना देतो म्हणाला.

झेंडा बदलला. नाण्यावरचं तोंड बदललं.
दर तोच राहिला.

आता सांगायला हरकत नाही :
एखाद्या साली पाऊस हुकायचा,
तेव्हा आदल्या रात्री केळीचा पाट
आम्ही वळणावर सोडायचो.
आत्या वाकेशोच्या हातात कंदील,
माझ्या डोक्यावर घमेलं.
शर्यत त्यांची असेल;
चिखल घरचा होता.

मग वोईच्या गॅरेजातला म्वासारू
सहा हात फिरलेली डॅटसन घेऊन उतरला.
त्याला आमची खोडी ठाऊक.
डाव्या कडेच्या दगडांवरून अलगद निघाला,
हॉर्न वाजवला, दात काढले.
एक पैसा नाही मिळाला,
आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो.

हेलिकॉप्टर आलं.
त्यानं वरूनच गुरं हाकलली,
वरूनच आमचं वळण कळवलं.
दोर त्या वर्षी गाईच्या गळ्यात गेला.
नंतर गाड्याच येईनात.
वळणावर डांबर पडलं,
पाट पुन्हा केळीला.

आता शर्यत परत आलीय म्हणतात,
पण नैवाशाला, तळ्याकाठी, आमच्यापासून लांब.
मी बापासमोर फोन धरतो.
त्याला दिसत नाही, तो कानानं बघतो.

"चिखल आहे का?"
"धूळ आहे, बाबा. नुसती धूळ."
"आणि दोर कुणाकडे असतो तिथं?"

मी काही बोलत नाही.
तो उशाखालची वही चाचपतो,
पान बरोबर सापडतं त्याला.

"चौदा नंबर दिसला," म्हणतो,
"तर थांबव."