गुरुवार, सात ते दहा

पहिल्याच आठवड्यात गुन्वोर म्हणाली,
तुमच्या गावांबद्दल आमचे लोक जशा बातम्या लिहितात ना,
तशी एक आमच्या गावाबद्दल लिहा.
सातशे शब्द. सोमवारी नऊच्या आत.

वर्ग खुशीत आला.
लेवानीनं जागच्या जागी मथळा ठोकला :
‘ओरेब्रूवर अंधाराचं सावट, स्थानिकांकडून मेणबत्त्यांची साठेबाजी’.
वारानं विचारलं, इथल्या जमातप्रमुखाला काय म्हणतात?
मीही हसले. मी झोंबाची.
आमचं गाव बातमीत येतं ते नदी अंगणात शिरली की,
आणि पाणी ओसरायच्या आधी कॅमेरे विमानात.
मला जुनं देणं फेडायचं होतं.

बातमी सापडली तळघरात.
आमच्या इमारतीचं धुणीघर : तीन यंत्रं, एक वाळवणाची खोली,
आणि भिंतीवर लाकडी फळा.
त्यावर वारांच्या, तासांच्या रांगा,
दर घराला एक इवलंसं कुलूप.
ज्या भोकात तुमचं कुलूप, ती वेळ तुमची.
गुरुवार सात ते दहा मात्र चौदा नंबरचं.
दोन वर्षं झाली, हलत नाही.
भोवती चिठ्ठ्या. सभ्य, बिनसहीच्या.
‘नियम सगळ्यांना सारखे!’
‘काही जणांना धुणीघर आपल्या बापाचं वाटतं!!’

मी वहीत लिहिलं : पाणीवाटपावरून तणाव, परिस्थिती नियंत्रणात.
लिहिलं : नाव न सांगण्याच्या अटीवर एका रहिवाशानं
हसू आवरेना, वाक्य तिथंच राहिलं.

गुरुवारी सातला खाली गेले,
दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घ्यायला.
मार्गिट बाकावर बसलेली. ब्याऐंशी वर्षांची. पायांत लोकरी मोजे.
यंत्र फिरत होतं. आत काही नव्हतं.
नुसतं पाणी,
एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

हे रूनेचं कुलूप, ती म्हणाली.
मी रांधायचे, तो धुवायचा.
एक्केचाळीस वर्षं दर गुरुवारी
हा आवाज पाइपातून वर यायचा
आणि मला कळायचं, तो खाली आहे.

मग सरकून जागा केली.
तिचं मोडकं इंग्रजी, माझं कच्चं स्वीडिश.
तुमच्याकडे धुणं कुठं?
नदीवर, मी म्हटलं. दगडांवर.
आईचा दगड ठरलेला होता.
ती गेल्यावर दोन महिने
त्यावर कुणी कपडा आपटला नाही.
हे मी वर्गात सांगितलं नव्हतं,
‘स्वतःची ओळख करून द्या’च्या तासालाही नाही.
वही मांडीवर उघडी,
पेनाला टोपण.

दहाला यंत्र थांबलं.
तिनं झाकण उघडून रिकामं पिंप आतून चाचपलं.
मोजा राहतो कधीकधी, म्हणाली.

रविवारी रात्री सातशे शब्द लिहिले. मेणबत्त्यांवर.
साठेबाजी लेवानीकडून उसनी घेतली, त्याला विचारून.
गुन्वोरनं समासात लिहिलं :
विनोद जमलाय. माणूस कुठं आहे?
आणि खाली, हिरव्या शाईत, डी.

मी वाद घातला नाही.
तळघरात गेले, फळ्यावर एक चिठ्ठी डकवली :
‘गुरुवारी सातला माझी हरकत नाही.
थोकोझानी, घर नंबर नऊ.’
या देशातला माझा पहिला मजकूर,
नावानिशी,
आणि त्या भिंतीवरची एकुलती सही.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर
कुणीतरी बारीक पेन्सिलीनं
माझं व्याकरण सुधारलं होतं.
बाकी चिठ्ठ्या होत्या तशाच.
फक्त ‘बापाचं’वाली
जराशी सुटली होती एका कोपऱ्यातून,
कुणी काढायला गेलं असावं,
किंवा वाफेनं.
दोन स्रोत मिळेपर्यंत
मी काही म्हणणार नाही.