एकास सोळा

शुम्पेर्कच्या स्टेशनमागे, उतारावर,
स्लावोमिरचं दुकान सहाला बंद होतं.
माझी लॉन्ड्रीतली पाळी सुटते साडेपाचला.
त्यातली वीस मिनिटं बर्फ तुडवण्यात जातात,
उरलेल्या दहांत ठरवायचं.

काचेत दर्शनी रणगाडेच.
रणगाडे खपतात, स्लावोमिर म्हणतो,
लोकांना तोफ लागते.
ट्रक सगळ्यात वरच्या फळीवर, छताला टेकलेले.
काढायचे तर शिडी लावावी लागते,
आणि शिडी लावली की त्याला वाटतं
गिऱ्हाईक पक्कं झालं.

एकास पस्तीस : वीस सेंटिमीटर. परवडतो.
पण त्या मापात आरसा म्हणजे मसुराची डाळ,
आणि माझ्या चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतोय.
एकास चोवीस : एकोणतीस.
हो-नाही करत दोन हिवाळे गेले.
एकास सोळा : जुनी लष्करी प्रागा, त्रेचाळीस सेंटिमीटर,
उघडणारी दारं, वळणारी पुढची चाकं,
खऱ्या रबराचे दहा टायर, वर एक स्टेपनी,
सहा हजार नऊशे कोरुना.

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
मी घरी जाऊन टेबल मोजलं.
पावाची टोपली हलवली तर बसतो.
मग पगार मोजला.
तिथे हलवण्यासारखं काही नव्हतं.

हॉटेलच्या चादरी इस्त्री करते मी.
एक चादर, चार घड्या.
त्या आठवड्यात प्रत्येक घडीला
मनात कोरुनाचे आकडे पडत गेले,
आणि एका चादरीवर तपकिरी डाग पडला,
त्याचे पैसे कापले ते वेगळेच.

शेवटी स्लावोमिरनंच तोड काढली.
खोकं फोडू, म्हणाला.
तू महिन्याला देशील तेवढं दे,
मी तेवढ्या चौकटी देत जाईन.
असं कुणी करत नाही. त्यानं केलं.
जानेवारीत मी टायर घेऊन आले,
फेब्रुवारीत चासीची लांब हाडं,
मार्चमध्ये नुसते स्प्रिंगचे पाटे,
कारण दाताचं बिल आलं होतं.
या हिशेबानं केबिन ऑक्टोबरात,
वरची ताडपत्री नाताळच्या सुमारास.

हे सगळं बाबांसाठी.
दोन वर्षं सैन्यात ट्रकवर होते,
असं आई सांगायची.
ते स्वतः कधीच काही बोलले नाहीत,
म्हणून मीच चित्र रंगवलं होतं :
स्टिअरिंगवर बाबा, कोपर खिडकीबाहेर,
मागे ताडपत्री फडफडतेय.
ड्रायव्हरची बाहुली वेगळी मिळते, साडेचारशेला.
तीसुद्धा सांगून ठेवली होती.

काल टेबलावर पाटे चिकटवत होते.
बाबा आले, खुर्ची ओढून बसले,
बराच वेळ नुसते बघत राहिले.
मग म्हणाले, मी कुठे चालवली ही?
चालवायचा बोझेत्येख. मी मागे.
मागे काय करायचात?
बटाटे.
बटाटे?
सोलायचो. हलत्या गाडीत. ही बघ खूण.
अंगठ्यावरची ती पांढरी रेघ
मी लहानपणापासून लढाईची समजत आले होते.
कुठली लढाई, ते कधी विचारलं नव्हतं.

आता ड्रायव्हर रद्द करायचा की ठेवायचा?
बोझेत्येख कोण, कसा दिसायचा,
त्याच्यासाठी साडेचारशे का मोजायचे?
बाबा म्हणतात, ठेव. गाडी कोणीतरी चालवायला हवी.
आणि मागे बसलेला, सुरी धरलेला माणूस
कुठल्याच यादीत नाही.
बंदूकवाले आहेत, दुर्बीणवाले आहेत,
नकाशा पसरून बोट ठेवणारेही आहेत.
स्लावोमिर म्हणाला, पेट्रोलचा डबा घेतलेला एक आहे,
त्याचे हात कापून वळवता येतील.
तीनशे ऐंशी. बटाटे तू कणकेचे कर.

म्हणजे ताडपत्री आता नाताळलाही नाही.

मी हे बाबांना सांगितलं नाही.
त्यांनी बुटांच्या खोक्यातून एक टायर उचलला,
दोन बोटांत धरून दाबला,
दिव्याखाली फिरवून बघितला.
हवा कमी आहे, म्हणाले,
आणि झोपायला गेले.