घरी खाल्लं

वही माझ्याकडे असते, कारण माझं अक्षर बरं.
शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, नसरापूरच्या दुकानातली.
पहिल्या पानावर हळदीचं बोट, खाली गटाचं नाव,
त्याखाली दहा सह्या आणि तीन अंगठे.

रकाने सोपे होते:
माल, नग, दर, जमा.
शनिवारी संध्याकाळी लिहायचं, रविवारी पहाटे टेम्पो.
कात्रजचा बोगदा आला की चांगुणा पदर सारखा करायची,
जणू पलीकडे कुणी सोयरे बसलेत.

कोथरूडला मैदानाच्या कडेला आमचं प्लॅस्टिक अंथरलेलं.
अंबाडी वीस, शेवग्याचा पाला दहा,
गावरान अंडं पंधराला एक,
तरी साडेआठला ट्रे रिकामे.
एका बाईंनी तांदूळजाची जुडी नाकाशी धरली.
म्हणाल्या, "भरपूर लोह असतं हो यात.
तुमचं बरंय, रोज ताजं."
चांगुणा हसली. सुटे परत दिले.

त्या वर्षी जमा वाढत गेली.
शेवंताने लेकीची फी भरली,
उरलेले बँकेत, स्वतःच्या नावावर.
नवऱ्याने विचारलं, किती झाले?
ती म्हणाली, वहीत आहेत.
आणि चुलीत लाकूड सारलं.

भाद्रपदात अंगणवाडीत पोरांचे दंड मोजले.
ती पट्टी असते ना, हिरवी, पिवळी, लाल.
चांगुणाच्या नातवाचा दंड पिवळ्यावर थांबला.
सुनेचं रक्त आठ पूर्णांक दोन.
निर्मलाबाई रागावल्या नाहीत.
पट्टी गुंडाळत एवढंच म्हणाल्या,
"तुमच्याकडे तर कोंबड्या आहेत ना?"

आहेत.
आहेत म्हणून तर भुशात भरतो अंडी,
एकीला दुसरी लागू न देता,
बाळंतिणीचं पोर निजवावं तशी.
आणि घरी भात, डाळीचं पाणी, ठेचा.
पोराने मागितलं तर म्हणायचं, फुटलं तर देईन.
कधी कधी, हे वहीत नाही, मी पाहिलंय,
चांगुणाचा हात
ट्रेच्या कडेला जरा जोरात लागायचा.

त्या रात्री भाषण कुणी केलं नाही.
पट्टी सापडेना, म्हणून डब्याच्या झाकणाने
मी पाचवी रेघ मारली. वाकडी आली.
वर लिहिलं: घरी खाल्लं.

अंडी चार. माठ दोन जुड्या. नाचणी मापटंभर.
हौसाबाई म्हणाली, अजून एक लिही,
सून कितव्या पंगतीला बसली.
सगळ्या गप्प.
मग कुणीतरी फिसकन हसलं,
आणि ते हसू लांबत गेलं,
कारण आमच्यातली एकही
गरम भाकरीला बसलेली नव्हती.

पहिल्या महिन्यात दोघींनी खोटं लिहिलं.
त्यांच्या जुड्या जास्त आल्या, तेव्हाच कळलं मला.
बोलले नाही. पुढच्या महिन्यात त्यांनीच खोडलं.
जमा अकराशेनं घटली.
टेम्पोवाला म्हणाला, माल कमी झाला का ताई?
बँकेचे साहेब पाचव्या रकान्यावर पेन टेकवून बसले,
"याची रक्कम कुठंय?"
मी म्हटलं, तो तुमच्याकडे जमा होत नाही.

परवा चांगुणाकडे गेले होते, सही घ्यायला.
सून उंबऱ्याआत पाटावर, ताटात शेवग्याची भाजी,
चुलीपुढे सासू, हातावर भाकरी थापत.
पोराला अख्खं अंडं दिलेलं, उकडलेलं.
त्याने ते ओट्यावर आपटलं,
मग घाबरून आजीकडे पाहिलं,
आणि सवयीने ओरडला:
आजी, फुटलं!