मधली चित्रं

पहिलं चित्र मोठे लोक काढतात, शेवटचंही तेच.
मधली माझ्याकडे येतात.
हात पेल्याकडे निघालेला, हात पेल्याला टेकलेला,
या दोहोंच्या मध्ये अकरा कागद.
पगार कागद मोजून.

तिचं नाव इबुकी. वय सोळा. गाव बर्फातलं,
स्टेशनात दिवसाला दोनच गाड्या.
ती हात लावेल ती वस्तू एक दिवस मागे जाते.
एकच दिवस. पुन्हा लावला तरी तोच एक.
फुटलेली बशी सांधते, करपलेल्या भाताचे तांदूळ होतात,
शेजारच्या ओगिनो मास्तरांचा चष्मा
तिने चारदा वाचवलाय.

भाऊ कड्याच्या बर्फाबरोबर गेला
तेव्हा ती शहरात होती, परीक्षेला.
रस्ते बंद. पोचली तिसऱ्या दिवशी.
त्याच्या कपाळावर तळहात ठेवला.
तो एक दिवस मागे गेला.
कालही तो मेलेलाच होता.

हे दृश्य माझ्या वाट्याला आलं नाही. सुटले.
मला पेला मिळाला:
भाजक्या सातूचा चहा, त्याने अर्धा टाकलेला,
खिडकीच्या कठड्यावर, तीन दिवस आधीच आटलेला.
रोज संध्याकाळी ती त्याला बोट लावते.
चहा कालच्या रेघेवर परत येतो.
आठ भाग झाले. डोंगर काळे पडले,
भातखाचरांत पाणी चढलं, बेडूक ओरडू लागले,
आणि पेल्यात अजून जानेवारी.

बाकी वेळ ती राक्षसांना हरवते.
ते काम दुसऱ्या टेबलावर होतं, तिथे रंग जास्त लागतो.

मी एकदा तिच्या पापणीखाली थेंब काढला होता.
शिमुरासाननी खोडरबर पुढे सरकवलं.
म्हणाले, डोळ्यांत नको. पाणी पेल्यात आहे ना.

माझ्या फोनमध्ये बाबांचा निरोप आहे, एकोणीस सेकंदांचा.
"तोवाको, मुळे पाठवलेत. धुऊ नकोस,
माती तशीच राहू दे, टिकतात."
मग खोकला, मग कुणीतरी दार लावल्याचा आवाज.
बॅटरी फुगलीय. दुकानदार म्हणाला, फोन बदला.
उद्या, म्हटलं मी.
त्याला दोन वर्षं झाली.

अकराव्या भागात नदी बांध फोडते.
इबुकी रात्रभर बांधाला हात लावत बसते,
दगड दगड कालच्या जागी,
आणि घरी येऊन चिखलासकट झोपते.
उठते ती परवा.

पहिलं चित्र: चहाची रेघ.
शेवटचं चित्र: चहाची रेघ, केसभर खाली.
मी विचारलं, मध्ये किती?
मध्ये काय असणार, शिमुरासान म्हणाले,
ती झोपलीय. दोन पुरेत.
आणि दिवा माझ्यावर सोडून गेले.

मी एक कागद जास्तीचा घेतला. बिनपगारी.
त्यात ती जागी आहे. केसांत वाळका चिखल,
गालावर उशीची घडी उमटलेली.
तिने खालची रेघ पाहिलीय.
हात वर आलाय.

लावला तर कालचीच रेघ मिळेल,
तीही खालचीच.

नेरिमाच्या पहिल्या गाडीला अजून तास होता.
मी हाताला नखं काढली, नखांत माती काढली.
तो पुढे कुठे जातो
ते काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं.