निळ्यातली रेघ

रात्री दोनला एदुविहिस थर्मास घेऊन येते.
बोल्दोच्या पानांचा चहा, आणि कागदात गुंडाळलेला
कालचा पाव. जुलै आहे; घुमटाच्या फटीतून
आन्दीजची थंडी सरळ मानेवर उतरते.
"आज काय लागलं जाळ्याला?"
कोकिंबोच्या कोळ्याची लेक, दुसरं कसं विचारणार.

मी पडद्यावर बोट ठेवतो.
मकर राशीतला एक पिवळा दैत्य,
नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, आणि इतका साधा
की कुणी मुद्दाम पाहत नाही.
त्याचा उजेड पिंजून पसरला
की निळ्या पट्ट्यात, चार हजार पाचशे चोपन्नवर,
एक काळी रेघ. असायला हवी त्याहून जाड.
"बेरियम," मी म्हणतो.

"ते होय! मला पाजलं होतं ला सेरेनाच्या दवाखान्यात.
खडू कालवल्यासारखं. नंतर तीन दिवस..."
ती हसते, वाक्य अर्धंच सोडते.

मग मी सांगत बसतो, रात्र मोठी, ढग नाहीत:
याच्या पोटात ती भट्टी अजून पेटलेलीच नाही.
हे याचं नव्हे. याला जोडीदार होता,
आधी पिकलेला. त्यानं ते शिजवलं
आणि जाता जाता श्वासाश्वासानं उधळलं,
ते याच्या अंगावर बसलं.
शेजारी बांधला तर गुण लागतो म्हणतात,
इथं वाणही लागला.

"आणि तो?"

तो आहे. निखारा होऊन, पृथ्वीएवढा.
दिसत नाही. साडेसहा वर्षांत एक फेरी
अजून घालतो. याच्या डुलण्यावरून कळतं.

एदुविहिस थर्मासला झाकण लावते. काढते. लावते.

नोल्बेर्तो तीस वर्षं खाणीत होता.
ती एकदाही उतरली नाही, बाई उतरली
तर शीर आटते म्हणायचे.
ती फक्त शनिवारी त्याचे कपडे झटकायची,
मागच्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.
वारा तिकडे सारखा फिरतो.
यंदा डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यापुढे धरला
आणि विचारलं: कुठल्या खाणीत होतात तुम्ही?

चार वर्षं ती मला चहा आणते आहे.
हे आज सांगते.

"ताऱ्यांसारखं वगैरे काही दिसत नाही हां," ती म्हणते.
"पीठ सांडल्यासारखं."

मला पुढचं मोजमाप सुरू करायचं असतं.
मी करत नाही.

लोखंडी जिन्यावरून आम्ही बाहेर येतो, टॉर्च विझवतो.
आधी नुसता काळोख, मग डोळे सरावतात.
"डोक्यावर. अजून मागे. तो."
वर पाहण्याआधी ती दोन्ही हात
एप्रनला पुसते,
एकदा तळवे, एकदा पालथे.

"एकटाच दिसतो," ती म्हणते,
आणि पाव वाळेल म्हणून आत जाते.